हीटिंग ब्लॉकच्या कंट्रोलरला दोन सेन्सर लावू की तीन?

उष्मांक
नमस्कार मंडळी. आमच्या लॅबमधे ॲल्युमिनियमचा एक हीटिंग ब्लॉक आहे, ट्यूबा ठेवायची भोकं असलेला, एन्झाइमच्या कामासाठी ६० अंशावर चालतो. मागे त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, भोकातून निसटून वर आला आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही, कंट्रोलरला वाटलं ब्लॉक थंड पडलाय म्हणून त्याने हीटर चालूच ठेवला. ट्यूबांची झाकणं उडाली, आतलं सगळं सुकून करपलं, आग लागली नाही हेच नशीब. अशा ब्लॉकपाशी विद्यार्थी एकटे काम करत असतात, त्यामुळे हा विषय काही डोक्यातून जात नाहीये.

आता कंट्रोलर नव्याने बांधतोय. मायक्रोकंट्रोलर, पीटी१०० (प्लॅटिनमचा तापमान सेन्सर), त्याची एडीसीची चिप (सिग्नलचे आकडे करणारी), एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा सॉलिड-स्टेट रिले) आणि दोन कार्ट्रिज हीटर. डोक्यात असं आहे की एकाऐवजी दोन पीटी१०० लावायचे आणि दोघांची सरासरी पीआयडीला (हीटर किती चालवायचा ते ठरवणारं गणित) द्यायची. हे बरोबर आहे का? दोन पुरेत की तीन लावू? ज्यांनी असं काही बांधलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

ओहम
सरासरी अजिबात घेऊ नका. तुमचंच उदाहरण घेऊ. सेटपॉइंट (हवं असलेलं तापमान) ६०, एक प्रोब निसटला आणि खोलीतल्या हवेचे २५ दाखवायला लागला. पीआयडी सरासरी ६० वर आणायला बघणार म्हणजे दुसरा प्रोब ९५ होईपर्यंत हीटर चालू राहणार, आणि डिस्प्लेवर मात्र ६०.० असा छान आकडा दिसत राहणार. म्हणजे सेन्सर वाढवून बिघाड पकडला जायच्या ऐवजी झाकला गेला. दोन सेन्सर लावायचे ते त्यांच्यातला फरक बघायला, त्यांची बेरीज करायला नाही.

पीटी_शंभर
ओहम यांना +१. पण दोन की तीन हे ठरवायच्या आधी एक बघा, तुमचा सेन्सर बिघडला की कुठल्या बाजूला खोटं बोलतो. हीटरवाल्या कामात धोका एकाच बाजूला असतो, खरं तापमान जास्त आणि रीडिंग कमी. उलट झालं तर हीटर बंद पडतो, प्रयोग वाया जातो, पण जळत काही नाही.

पीटी१०० चा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो, ० अंशाला १०० ओहम, १०० अंशाला साधारण १३८.५. तार तुटली की रेझिस्टन्स अनंत, म्हणजे "खूप गरम", हीटर बंद. हे बरं. पण केबल कुठे चेपली जाऊन शॉर्ट झाली तर रेझिस्टन्स शून्याजवळ, म्हणजे "भयंकर थंड", आणि हीटर फुल्ल. एनटीसी थर्मिस्टरचं नेमकं उलट, त्याचा रेझिस्टन्स तापमान वाढलं की कमी होतो, त्यामुळे तार तुटली की तो "खूप थंड" सांगतो. आणि तार तुटणं हा शॉर्टपेक्षा किती तरी जास्त वेळा होणारा बिघाड आहे, म्हणून थर्मिस्टर लावून कोडमधे रेंजचा चेक नसेल तर ते फार धोक्याचं.

थर्मोकपलची (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला सेन्सर) तर वेगळीच तऱ्हा. तुटला की बहुतेक कंट्रोलर बारीक करंट सोडून ते ओळखतात आणि रीडिंग वरच्या टोकाला नेतात. पण केबलचं इन्सुलेशन मधेच वितळून दोन्ही तारा चिकटल्या तर तो चिकटलेल्या जागेचं तापमान दाखवतो, ब्लॉकचं नाही, आणि तो आकडा अगदी खरा वाटेल असा असतो, कुठलाही ओपन-शॉर्ट चेक त्याला पकडणार नाही. पोलॅरिटी उलटी जोडली तर ब्लॉक तापेल तसं रीडिंग खाली जातं, म्हणजे कंट्रोलर अजून तापवतो.

आणि हे सगळे धडधडीत बिघाड झाले. हळूहळू होणारे जास्त त्रास देतात. पीटी१०० च्या नळीत ओल शिरली, इन्सुलेशन १०० किलो-ओहमपर्यंत उतरलं की तो रेझिस्टन्स पॅरललमधे येतो, १०० चे ९९.९ ओहम होतात, म्हणजे पाव अंश कमी रीडिंग. कुठलीही चिप याला फॉल्ट म्हणणार नाही. ओल वाढेल तशी चूक वाढते आणि ती धोक्याच्या बाजूला वाढते.

उष्मांक
बापरे, हा बाजूचा विचारच केला नव्हता. मग दोनच सेन्सर असतील आणि एक ६० दुसरा ५५ म्हणाला तर खरा कोण हे कसं कळणार?

ओहम
नाही कळत. दोन सेन्सर एवढंच सांगतात की काहीतरी बिघडलंय. पण तुमच्या कामात ते कळायची गरजच नाही, दोघांतला जास्त आकडा घ्या आणि त्यावर कंट्रोल करा. एक निसटला, शॉर्ट झाला, ओल शिरली, रीडिंग कमी आलं, तर ते आपोआप बाजूला पडतं. एक तुटून वर गेला तर हीटर बंद. कुठलाही एक बिघाड झाला तरी ब्लॉक सेटपॉइंटच्या वर जात नाही. शिवाय फरक ठराविक मर्यादेच्या बाहेर गेला की अलार्म आणि नवीन रन सुरू करायला बंदी. छोट्या ब्लॉकला एवढं खूप झालं.

जुना_रिले
सेन्सरवर एवढी चर्चा चाललीय पण एसएसआर बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच बिघडतो, म्हणजे चालूच राहतो. साध्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात. तेव्हा दहा सेन्सर बरोबर आकडा सांगत असतील, मायक्रोकंट्रोलर "बंद कर" म्हणून ओरडत असेल, हीटरला काही फरक पडणार नाही. आधी हीटर तोडायचा दुसरा रस्ता करा, मग सेन्सर मोजत बसा.

एसएसआरच्या सिरीजमधे एक कॉन्टॅक्टर (मोठा रिले) घ्या. त्याच्या कॉइलचा सप्लाय वेगळ्या लिमिटरमधून (ठेवलेल्या तापमानाला तोडणारा स्विच) न्या, ज्याचा सेन्सर स्वतःचा, सप्लाय स्वतःचा, आणि मायक्रोकंट्रोलरशी काही संबंध नाही. हाताने रीसेट करायचा प्रकार घ्या, आपोआप परत चालू होणारा नको, नाहीतर तो रात्रभर चालू-बंद करत ब्लॉक लिमिटवर शिजवत बसेल आणि सकाळी कुणाला पत्ताही नसेल.

अजून एक, हीटरच्या तारेवर करंट सेन्सर बसवा. एसएसआरला बंदचा सिग्नल आहे आणि तरी करंट वाहतोय याचा अर्थ एसएसआर गेला, तिथेच कॉन्टॅक्टर पाडा, तापमान वाढायची वाट बघू नका.

सॉफ्टवेअरवाला
रिले यांच्यात भर. मायक्रोकंट्रोलर हँग झाला आणि त्या क्षणी एसएसआरची पिन हाय (चालू) होती तर एसएसआर चालूच राहतो. आतला वॉचडॉग (हँग झाल्यावर रीसेट करणारा टायमर) चालू ठेवाच पण त्यावर थांबू नका. एसएसआरला सरळ पिनने चालवण्याऐवजी सतत पल्स द्यायला लागतील असं सर्किट करा, कपॅसिटरमधून कपल केलेलं, पल्स थांबल्या की आउटपुट आपोआप बंद. पिन हायवर अडको नाहीतर लोवर, दोन्हीकडे हीटर बंदच.

कोडमधे काय बघायचं तेही सांगतो. डिजिटल सेन्सर कुणी लावत असेल तर डीएस१८बी२० पॉवर आल्यावर पहिलं कन्व्हर्जन होईपर्यंत ८५ अंश दाखवतो, आणि त्याची नेहमीची लायब्ररी सेन्सर सापडला नाही की −१२७ देते. हा −१२७ तसाच पीआयडीत गेला की हीटर फुल्ल, असा कोड मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय. रेंजच्या बाहेरचा आकडा पीआयडीपर्यंत पोचताच कामा नये.

दुसरं म्हणजे अडकलेलं रीडिंग. खऱ्या सेन्सरचा शेवटचा अंक थोडाफार हलतोच, बराच वेळ तसूभर हलला नाही तर एडीसी किंवा डेटाची बस (सिग्नलची लाइन) अडकलीय असं धरा.

आणि उष्मांक, तुमचा निसटलेला प्रोब. तो विद्युतदृष्ट्या ठणठणीत असतो, ओपन नाही, शॉर्ट नाही, रीडिंग रेंजमधे. त्याला पकडायचा उपाय म्हणजे हीटर फुल्ल देऊनही ठराविक वेळात तापमान ठराविक अंश चढलं नाही तर बंद. थ्रीडी प्रिंटरच्या मार्लिन फर्मवेअरमधे थर्मल रनअवे म्हणून हेच आहे, औद्योगिक कंट्रोलरमधे लूप ब्रेक अलार्म म्हणतात. तुमच्या ब्लॉकला फुल्ल पॉवरवर मिनिटाला किती अंश चढतात ते मोजा आणि त्याच्या निम्म्यापेक्षा कमी चढ दिसला तर फॉल्ट धरा, हे एकट्या सेन्सरवरसुद्धा चालतं.

पेट्रीडिश
तुम्ही सगळे "हीटर बंद म्हणजे सुरक्षित" असं गृहीत धरताय, आमच्याकडे ते चालत नाही. सेल कल्चरचा इन्क्युबेटर ३७ वर असतो, कितीतरी आठवडे वाढवलेल्या पेशी आत असतात. एका सेन्सरच्या फरकावरून रात्री मशीन बंद झालं तर सकाळपर्यंत पेशी थंड पडल्या, काम गेलं. आणि ४१-४२ वर गेल्या तर त्याहून वाईट. म्हणजे दोन्ही बाजूंना धोका आहे, त्यामुळे ओहम यांचा "जास्त आकडा घ्या" हा नियम आम्हाला पुरत नाही, कारण एक सेन्सर वर सरकला की आतलं खरं तापमान गुपचूप खाली जाणार. आम्हाला तीन सेन्सर लागतातच. उणे ८० च्या फ्रीझरचंही तेच, तिथे तर मशीन बंद होणं हाच बिघाड.

पीटी_शंभर
पेट्रीडिश यांचा मुद्दा एकदम बरोबर. तिथे तीन घ्या आणि मधला आकडा वापरा. तिघांची सरासरी नको, मधलाच. ३७.०, ३७.१ आणि २४ असे आले तर मधला ३७.०. तिसरा वर उडून ८५० म्हणाला तरी मधला ३७.१. एक सेन्सर वाटेल तसा वागला तरी कंट्रोलला झळ लागत नाही, आणि कुठला वेडा झालाय तेही कळतं कारण उरलेले दोन जुळतात.

पण तीन सेन्सरचं मत घेतलं म्हणजे सुटलो असं समजू नका. नोव्हेंबर २००८ मधे फ्रान्समधे पर्पिन्याँजवळ एअरबस ए३२० समुद्रात पडलं, आतले सातही जण गेले. त्या विमानाला हवेचा कोन मोजणारे तीन सेन्सर होते. काही दिवस आधी विमान धुताना सेन्सर नीट न झाकल्याने दोघांत पाणी शिरलं, वर गेल्यावर ते गोठलं आणि ते दोन्ही सेन्सर जवळपास एकाच आकड्यावर अडकले. तिसरा बरोबर हलत होता. पण दोन खोटे एकमेकांशी जुळत होते, आणि स्टॉलपासून (पंखांची उचल जाण्यापासून) वाचवणारं ऑटोमॅटिक संरक्षण निकामी झालं. मधला आकडा घ्या किंवा बहुमत घ्या, दोन सेन्सर एकाच कारणाने एकत्र बिघडले तर तिसऱ्या खऱ्याचं कुणी ऐकत नाही.

आता हे आपल्या डब्यात बघा. तीन पीटी१०० एकाच भोकात, एकाच केबलमधे, एकाच कनेक्टरवर, एकाच मल्टिप्लेक्सरमधून एकाच एडीसीला आणि एकाच रेफरन्स रेझिस्टरवर (ज्याच्याशी तुलना करून मोजतात तो). तो रेफरन्स सरकला की तिन्ही मिळून सरकणार, अगदी एकमताने. कनेक्टरमधे ओल आली तर तिघांनाही आली. त्यापेक्षा दोन पीटी१०० वेगवेगळ्या चिपवर आणि तिसरा थर्मिस्टर वेगळ्या एडीसीवर हे मला कितीतरी जास्त भरवशाचं वाटतं, कारण पीटी१०० आणि थर्मिस्टर एकाच कारणाने एकाच दिशेला चुकतील ही शक्यता फार कमी. तिन्ही एकाच लॉटचे घेऊ नका, आणि बदलायची वेळ आली तर तिन्ही एकाच दिवशी बदलू नका.

जुना_रिले
पेट्रीडिश, तुमच्यासाठी वेगळा लिमिटर येतो. डीआयएन १२८८० या जर्मन मानकात ओव्हर-टेंपरेचर संरक्षणाचे क्लास आहेत. क्लास १ मशीन वाचवायला, ठराविक तापमानाला तोडणारा. क्लास २ मधे मर्यादा आपण ठेवतो आणि एकदा तोडलं की हाताने रीसेट होईपर्यंत बंद. आणि क्लास ३.१ म्हणजे मुख्य कंट्रोलर बिघडून तापमान वर गेलं तर हा दुसरा कंट्रोलर त्या ठेवलेल्या मर्यादेवर ताबा घेतो आणि तिथेच तापमान धरून ठेवतो, बंद करत नाही. ३७ च्या इन्क्युबेटरला ३८ ठेवलं की पेशी ना थंड पडत ना भाजत. उष्मांक यांच्या ब्लॉकला मात्र क्लास २ सारखंच हवं, तिथे थांबणंच बरं.

कॅलिब्रेशनवाली
फरकाची मर्यादा किती ठेवायची यावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. निम्मे रेडंडंट (बॅकअपला लावलेले) सेन्सर इथेच वाया जातात, मर्यादा घट्ट ठेवली की रोज खोटे अलार्म येतात, मग कंटाळून कुणीतरी अलार्मच बंद करून टाकतं.

आयईसी ६०७५१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे क्लास बी पीटी१०० ला ± (०.३ + ०.००५ गुणिले तापमान) एवढी सूट असते, म्हणजे १०० अंशाला ±०.८. दोन चांगले सेन्सर एक वर एक खाली असे असले तरी त्यांच्यात १.६ चा फरक नियमात बसतो. क्लास ए ला १०० वर ±०.३५. म्हणून बाजारातून आणून तसेच लावून एक अंशाची मर्यादा ठेवलीत तर पहिल्याच दिवशी वाजेल. आधी सगळे सेन्सर एकत्र बांधून बर्फात बुडवा. शुद्ध पाण्याचा बर्फ, बारीक कुटलेला, गच्च भरलेला, मधल्या फटींपुरतंच पाणी, आणि प्रोब तळाला टेकवायचा नाही. मग तुमच्या कामाच्या तापमानाजवळ ढवळलेल्या बाथमधे चांगल्या थर्मामीटरसोबत. उकळत्या पाण्यावर १०० धरून कॅलिब्रेट करू नका, उत्कलनबिंदू हवेच्या दाबावर असतो, उंची साधारण ३०० मीटर वाढली की जवळपास एक अंश उतरतो. पेट्रीडिशसारख्या ३७ वाल्यांना गॅलियमचा वितळणबिंदू जवळचा, २९.७६४६ अंश, ते सेल (गॅलियम भरलेली कॅलिब्रेशनची नळी) मिळालं तर सोनं. तारांबद्दल एवढंच की दोन तारांची जोडणी नकोच, ०.३८५ ओहमची तार म्हणजे एक पूर्ण अंश, चार तारा घ्या.

ऑफसेट (प्रत्येक सेन्सरची ठरलेली चूक) काढून झाल्यावर जो फरक उरेल तो ब्लॉकमधल्या जागेचा. हीटरजवळचा प्रोब कडेच्या प्रोबपेक्षा जास्त दाखवणारच, तो बिघाड नाही. आणि तापत असताना फरक अजून वाढतो कारण प्रत्येक प्रोब वेगळ्या वेगाने तापतो. फ्रिजमधे एक प्रोब हवेत आणि एक ग्लायकॉलच्या बाटलीत ठेवतात ते मी पाहिलंय, आणि मग लोक म्हणतात दार उघडलं की सेन्सर जुळत नाहीत! ते जुळायला ठेवलेलेच नाहीत, एक हवा मोजतो एक नमुना. अशा जोडीला बॅकअप म्हणू नका. बॅकअपचे प्रोब एकाच जाडीचे, एकाच खोलीवर, पण वेगवेगळ्या भोकांत.

मर्यादा दोन ठेवा. तापमान चढत असताना सैल, स्थिर झाल्यावर घट्ट, आणि फरक काही सेकंद सलग टिकला तरच फॉल्ट. आणि माझं सगळ्यात आवडतं काम, सेन्सरमधला फरक स्थिर अवस्थेत रोज लॉग करा. ०.१ वरून ०.१५, मग ०.२, असा हळूहळू सरकताना दिसला की अलार्म वाजायच्या खूप आधी कळतं की एकाला ओल लागतेय किंवा कुणीतरी वाकवलाय. एकट्या सेन्सरचं सरकणं कधीच दिसत नाही, कारण पीआयडी त्याला सेटपॉइंटवरच आणून ठेवतो.

पेट्रीडिश
हे शेवटचं वाक्य आमच्या लॅबच्या भिंतीवर लावणार. आमच्या डिस्प्लेवर वर्षभर ३७.० होतं आणि बाहेरच्या थर्मामीटरने बघितलं तर आत ३६ पण नव्हतं.

सॉफ्टवेअरवाला
एक छोटी गोष्ट. कंट्रोल एका सेन्सरवरून दुसऱ्यावर गेलं की पीआयडीला आकड्यात उडी दिसते आणि डेरिव्हेटिव्ह (बदलाच्या वेगावर चालणारा पीआयडीचा भाग) झटका देतो. कॅलिब्रेशनवाली म्हणतात तसे ऑफसेट आधी जुळवलेले असतील तर उडी लहान राहते, आणि बदलाच्या क्षणी डेरिव्हेटिव्हचा मागचा आकडा नव्या सेन्सरचा भरून घ्या. तिन्हीही एकमेकांशी जुळेनासे झाले तर पेट्रीडिश यांच्यासारख्या ठिकाणी शेवटच्या स्थिर अवस्थेतली हीटरची सरासरी ड्यूटी (चालू राहण्याचं प्रमाण) तशीच धरून ठेवा आणि अलार्म द्या. ३७ टिकवायला जेवढी पॉवर लागत होती तेवढीच चालू राहिली तर तापमान लगेच फार भरकटत नाही, माणूस यायला वेळ मिळतो. मागे ३.१ चा लिमिटर आहेच. ब्लॉकवर मात्र हे करू नका.

उष्मांक
सगळ्यांचे मनापासून आभार. आता ठरवलंय, एक पीटी१०० आणि एक थर्मिस्टर, वेगळ्या भोकांत, स्क्रूने आवळलेले म्हणजे निसटणार नाहीत, जास्त आकडा कंट्रोलला. फरकाचा अलार्म, चढाचा चेक, आणि रिले म्हणतात तसा कॉन्टॅक्टर. एकच शंका, लिमिटर किती अंशाला ठेवू आणि हे सगळं खरंच काम करतंय ते तपासायचं कसं? प्रत्यक्ष बिघाड व्हायची वाट तर बघता येत नाही.

जुना_रिले
लिमिटर सेटपॉइंटच्या इतका वर ठेवा की तापतानाचा ओव्हरशूट (तापमान सेटपॉइंटच्या थोडं वर जाणं) त्याला शिवणार नाही, आणि इतका खाली की ट्यूबा आणि त्यातला द्रव सुरक्षित राहील. आधी ओव्हरशूट मोजा. बायमेटल (दोन धातूंच्या पट्टीचा) लिमिटर असेल तर तो बऱ्यापैकी ढोबळ असतो, जास्त अंतर ठेवावं लागेल. त्याचा सेन्सर हीटरच्या जवळ धातूत आवळा. थर्मल फ्यूज लावणार असाल तर तो सगळ्यांच्या मागे, एकदाच उडणारा, आणि नेहमीच्या तापमानापेक्षा चांगला वरचा घ्या नाहीतर सतत गरम राहून विनाकारण जाईल.

तपासणी रिकाम्या ब्लॉकवर, समोर उभं राहून, हातात मेन स्विच ठेवून करा. चालू असताना पीटी१०० ची एक तार सोडा, मग शॉर्ट करा, मग थर्मिस्टरचं तेच. एक प्रोब भोकातून बाहेर काढून हवेत धरा, मग दोन्ही काढा, तेव्हा चढाच्या चेकने तोडलं पाहिजे. मायक्रोकंट्रोलर रीसेटमधे धरून ठेवा. शेवटी एसएसआरची हीटरकडची दोन टोकं, मेन बंद करून, जंपरने जोडा आणि चालू करा. करंट सेन्सरने तिथेच कॉन्टॅक्टर पाडला पाहिजे. मग करंट सेन्सर तात्पुरता काढून परत तेच, आता लिमिटरने पाडला पाहिजे, आणि तो किती अंशाला पडला ते वेगळ्या थर्मामीटरने लिहून ठेवा. जंपर काढायला विसरू नका, मशीनवर लाल चिठ्ठी लावूनच ही चाचणी करा.

लिमिटरची ही शेवटची चाचणी सेन्सर कॅलिब्रेट कराल त्या प्रत्येक वेळी परत करा. कॉन्टॅक्टर एरवी वर्षभर हलत नाही, तो चिकटलाय की नाही हे हलवल्याशिवाय कळत नाही.

उष्मांक
उद्यापासून तारा जोडायला घेतो. चाचणीचे आकडे इथेच टाकेन, ओव्हरशूटचा ग्राफ पण.